अंबाळ्याला सहज म्हणून जाऊन आले

रेशीमबागवाली
शुक्रवार, रात्री ९:४०

काल डॉक्टरांकडे जायचं म्हणून रजा टाकली होती. सकाळी साडेआठला दवाखान्यातून फोन आला, आजची वेळ रद्द, सोमवारी या. डबे भरून झाले होते, पोरं शाळेत, नवरा ड्युटीवर. अख्खा दिवस हातात. असा दिवस गेल्या दहा वर्षांत मिळालेला मला आठवत नाही. घरी थांबले असते तर कपाटं आवरत बसले असते हे नक्की. म्हणून दोन पोळ्या नि वांग्याची भाजी डब्यात घातली, पाण्याची बाटली घेतली आणि गणेशपेठच्या स्टँडवर गेले. कुठे जायचं ते तेव्हाही ठरलेलं नव्हतं. रामटेकची गाडी लागली होती, खिडकी मिळाली, बसले.

कामठी, कन्हानचा पूल, मग मनसर. तिथे गाडी जबलपूर रोड सोडून उजवीकडे वळते आणि टेकडी समोर येते. रामटेकला मी किती वेळा गेले असेन! लग्नानंतर जोडीने, मुलांना घेऊन, पाहुणे आले की पाहुण्यांना घेऊन. प्रत्येक वेळी गाडीने थेट गडावर, दर्शन, वानरांना फुटाणे, खिंडसीला बोटिंग, जेवण, परत. एकटी पहिल्यांदाच उतरले. स्टँडबाहेर ऑटोवाल्याने विचारलं, "गडावर का ताई?" तोंडातून निघून गेलं, "नाही, अंबाळ्याला."

तो जरा थांबला. माझ्या हातात काही आहे का ते त्याने पाहिलं, आणि आवाज खाली आणून विचारलं, "घरचं कोनी?"

मी म्हटलं, नाही हो, सहजच. तो "सहज?" म्हणाला आणि गाडी सुरू केली.

नागपूरच्या लोकांना सांगायला नको, पण बाहेरचे कोणी वाचत असतील त्यांच्यासाठी सांगते. अंबाळा म्हणजे रामटेकच्या टेकडीच्या कुशीतला तलाव. भोवती दगडी घाट, घाटाला लागून जुनी देवळं. आमच्याकडे अस्थी तिथे नेतात, पिंडदान तिथे होतं. म्हणून अंबाळ्याला सहज कोणी जात नाही. मी चौथीत असताना आजी गेली, तेव्हा आम्ही सगळे जीपने इथे आलो होतो. मला आणि चुलत बहिणीला जीपमध्येच बसवून ठेवलं होतं. पोरींनी पाण्याजवळ यायचं नाही, एवढंच सांगितलं. जीपच्या काचेतून मला बाबांची पाठ दिसत होती आणि तिच्यापलीकडे पाण्याचा एक तुकडा. आजीला कुठे सोडलं ते मी कधी पाहिलंच नाही. इतक्या वर्षांत गडावर इतक्यांदा गेले, पण खाली वळले नाही.

ऑटोतून उतरले तेव्हा साडेअकरा झाले असतील. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, चालत गेले. कार्तिक पौर्णिमा होऊन आठवडा झाला होता, यात्रेची गर्दी ओसरलेली. पाणी स्थिर, आणि त्यात देवळांची शिखरं उलटी. दगड काळे पडलेत, काही ठिकाणी पिंपळ फुटलाय, काही देवळांची दारं बंद. एका घाटावर भिवापूरकडचं एक कुटुंब होतं. वीसेक वर्षांच्या मुलाचे केस नुकतेच काढले होते. गुरुजी मंत्र सांगत होते आणि तो मुलगा सारखा स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवत होता, मागून पुढे, पुन्हा मागून पुढे, जणू ते डोकं आपलंच आहे का हे बघत होता. मी तिथून दूर, पार दुसऱ्या टोकाच्या घाटावर जाऊन बसले.

किती वेळ बसले सांगता येणार नाही. पायरीवर बसून पाण्यात पाय सोडले. आजीला ज्या घाटावर सोडलं तो हाच की पलीकडचा, हे सांगणारं आता घरात कोणी उरलेलं नाही. मग मी ठरवलं, पाणी तर सगळीकडचं एकच आहे. तिच्या नावाने ओंजळभर पाणी सोडलं. मंत्र येत नाहीत मला. "आजी, मी आले" एवढंच म्हटलं.

भूक लागली तेव्हा डबा उघडावा की नाही कळेना. शेजारच्या छोट्या देवळाचा ओटा एक म्हातारी झाडत होती. तिने माझी चुळबुळ पाहिली असावी. म्हणाली, "खाय बाई. मेलेल्यायले घास देतेत लोकं, मंग जित्यानं काऊन उपाशी राहाव?" तिला अर्धी पोळी दिली, तिने ती पदरात बांधली. मी माझी दीड पोळी खाल्ली. स्टँडवरून येताना उकडलेले शिंगाडे घेतले होते, काळे पडलेले, अजून कोमट. शिंगाड्याचं टोक दाताने तोडायचं, साल दाबायची, मग आतला पिठूळ पांढरा गर निघतो. नीट पाहिलं नाही तर काटा ओठाला लागतो. लागलाच. पूर्ण पुडा संपवला आणि सालं पदराच्या टोकात बांधून घेतली, कारण घाटावर आधीच पत्रावळी, प्लास्टिकच्या पिशव्या, अगरबत्तीची पाकिटं पडलेली होती. ते पाहून जीव तुटला.

मग पायऱ्यांनी वर गेले. अंबाळ्यावरून गडाकडे जाणाऱ्या त्या जुन्या दगडी पायऱ्या मला माहीतच नव्हत्या. आधी अंबाळ्यात अंघोळ, मग चढून रामाचं दर्शन, हा यात्रेकरूंचा जुना रस्ता. आता बहुतेक लोक पलीकडच्या अंगाने गाडीने वर येतात. त्यामुळे चढताना मला तीन माणसं भेटली आणि मोजता येणार नाहीत इतकी वानरं. टोंगळे (गुडघे) बोलायला लागले, दोनदा बसले. मागे वळून पाहिलं की तलाव प्रत्येक वेळी आणखी लहान झालेला. वर पोचल्यावर खिंडसीचा मोठा जलाशय दिसला, आणि खाली झाडांमध्ये अंबाळा, तळहातावरच्या आरशाएवढा.

दर्शन घेतलं, गावाच्या बाजूने उतरले, पाचच्या आत गाडीत बसले. सहा-साडेसहाला घरी. पोरांनी विचारलं कुठे होतीस, तर खरं सांगितलं. मोठी म्हणाली, मला पण ने.

तुमच्यापैकी कोणी अंबाळ्याला असं, कोणतंही कार्य नसताना गेलंय का? मला त्या जागेबद्दल अजून ऐकायचं आहे.


कामठीरोड
शुक्रवार, रात्री १०:०५

ताई, वाचून अंगावर काटा आला. माझ्या आजोबांचं सगळं तिथेच झालं. मी जाणत्या वयात एकदाच गेलो, तेही डोकं भादरून घ्यायला. इतक्या वर्षांत "चला अंबाळ्याला जाऊन येऊ" असं आमच्या घरात कोणी म्हटलेलं नाही.

इतवारीहून रामटेकला रेल्वेही जाते, हे नवीन लोकांना माहीत नसतं. पण वेळा बदलत असतात, निघायच्या आदल्या दिवशी बघून घ्या. बस बरी.


टेकडीचा_दगड
शुक्रवार, रात्री ११:३०

तुम्ही ऐकायचं आहे म्हणालात म्हणून लिहितो. मी गेली वीस वर्षं रामटेकला जातोय, बहुतेक वेळा एकटाच.

तुम्ही पायऱ्या चढून वर गेलात तिथे, मुख्य मंदिराच्या खालच्या अंगाला दोन नरसिंह मंदिरं आहेत, रुद्र नरसिंह आणि केवल नरसिंह. गाडीने येणारे बरेच जण थेट रामाकडे जातात आणि ही दोन राहून जातात. दोन्ही वाकाटकांच्या, म्हणजे विदर्भावर राज्य करणाऱ्या जुन्या राजघराण्याच्या काळची, पाचव्या शतकातली. दीड हजार वर्षं उभी आहेत. केवल नरसिंहात हिरण्यकशिपू नाही, पोट फाडणं नाही. एकटा देव एक गुडघा वर करून, हातात चक्र घेऊन शांत बसलाय. म्हणून "केवल".

पण मला तुमच्या लिहिण्यावरून आठवलं ते वेगळंच. त्या मंदिराच्या भिंतीत एक शिलालेख आहे, बराच झिजलेला. बरीच वर्षं तो चुन्याच्या थराखाली दडलेला होता. त्यात प्रभावतीगुप्तेचा उल्लेख येतो. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, वाकाटकांकडे दिलेली. नवरा दुसरा रुद्रसेन लवकर गेला, मुलं लहान, म्हणून कित्येक वर्षं राज्य तिने चालवलं. राजधानी नंदिवर्धन, म्हणजे रामटेकजवळचं आजचं नगरधन. तिच्या मुलीने आईच्या स्मरणार्थ इथे देवालय उभारलं आणि त्यातल्या देवाला नाव दिलं "प्रभावतीस्वामी". लेकीने आईसाठी केलेलं काम आहे ते. तुम्ही खाली आजीच्या नावाने पाणी सोडलंत, आणि वर टेकडीवर एका लेकीने आईचं नाव दगडात कोरून ठेवलंय. मला हे लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

या प्रभावतीगुप्तेचा एक ताम्रपट अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला सापडला. तो तिने "रामगिरिस्वामींच्या पादमूलापासून" दिलाय. म्हणजे रामगिरी हे नाव आणि इथली पादुकांची भक्ती तेव्हाही होती. मेघदूतातला रामगिरी हाच, असं आपल्या नागपूरचे इतिहास संशोधक वा. वि. मिराशी यांनी मांडलं, त्याला हाही एक आधार. आणि २०१५ ते २०१८ दरम्यान नगरधनला उत्खनन झालं, त्यात प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा मिळाली. बोटाएवढी वस्तू, पण तिच्यावर त्या बाईचं नाव आहे.


महालातला
शनिवार, सकाळी ७:१५

सगळे कौतुक करताहेत, मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. राग मानू नका.

मागच्या वर्षी वडिलांचं दहाव्याचं अंबाळ्यालाच केलं. आम्ही पिंड ठेवून कावळ्याची वाट बघत उभे होतो. घरातले सगळे रडकुंडीला आलेले, कारण कावळा शिवत नव्हता. आणि शेजारच्या घाटावर चार-पाच पोरं मोबाईल लावून व्हिडिओ करत होती, मागे आम्ही दिसत होतो. मी काही बोललो नाही, बोलायची ताकदच नव्हती. पण ते डोक्यातून जात नाही.

तुम्ही चांगल्या मनाने गेलात हे कळतंय. पण असं लिहिलं की "मस्त जागा" म्हणून लोक जायला लागतात. नागपुरातल्या तेलंगखेडीच्या तलावाचं, म्हणजे फुटाळ्याचं काय झालं बघा ना, आमच्या लहानपणी तिथे संध्याकाळी पाण्याचा आवाज ऐकू यायचा. काही जागा दुःखासाठी राखलेल्या बऱ्या. तिथे पिकनिक नको.


रेशीमबागवाली
शनिवार, दुपारी १:२०

महालातला दादा, राग कशाचा! तुमच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटलं. ती पोरं चुकलीच.

म्हणूनच मी एकही फोटो टाकलेला नाही. बसमधून उतरल्यावर फोन पर्समधून काढला तो फक्त वर गडावर, घरी कळवायला. आणि त्या कुटुंबाजवळ बसले नाही, लांब गेले, ते याच कारणाने.

पण एक सांगू? लहानपणी मला जीपमध्ये बसवलं ते पण "ही जागा दुःखाची, पोरींनी यायचं नाही" म्हणूनच. त्यामुळे आजीला निरोप द्यायचा राहून गेला, आणि तो द्यायला मला इतकी वर्षं लागली. दुःखासाठी राखलेल्या जागेवर दुःख घेऊन एकटं, शांतपणे, कधीही जाता आलं पाहिजे. फक्त दहाव्याला आणि फक्त पुरुषांनीच नाही.

टेकडीचा_दगड, तुमचं लिहिणं मी तीनदा वाचलं. मी त्या नरसिंहासमोरून गेले आणि मला काही माहीत नव्हतं. एवढंच दिसलं की काळोखात कोणीतरी बसलंय, हात जोडले, निघाले. आता पुन्हा जाणं आलं.


एकटीच
शनिवार, दुपारी ३:०२

ताई, मला खरंच विचारायचं आहे. त्या पायऱ्यांवर एकट्या बाईने जाणं कितपत ठीक आहे? माझं वय २६, घरून एकटीला नागपूरबाहेर पाठवत नाहीत, पण तुमचं वाचून फार जावंसं वाटतंय.


रेशीमबागवाली
शनिवार, दुपारी ४:४५

मनापासून सांगते, जे अनुभवलं तेवढंच. घाटावर दिवसभर कोणी ना कोणी असतं. गुरुजी, केस काढणारे, कार्याला आलेली कुटुंबं. तिथे मला कुठेही अवघडल्यासारखं झालं नाही. पायऱ्यांवर मात्र मधला भाग अगदी सुनसान होता. मी चढले तेव्हा दुपारचा एक वाजला होता, ऊन लख्ख होतं. संध्याकाळी मी स्वतः तिथून चढले नसते. तू जाणार असशील तर सकाळी लवकर निघ, खाली बसायचं तेवढं बस, आणि चढायच्या आधी त्या झाडणाऱ्या आजींना किंवा कोणालातरी सांगून ठेव की वर जातेय. मी सांगितलं होतं. वानरांसमोर पिशवी उघडायची नाही, हातात खायला काही धरायचं नाही. ते पाठीमागून येतात, एकदम ओढतात.

आणि घरी सांगूनच जा बाळा. मी नवऱ्याला बसमधूनच फोन केला होता. लपवून गेलीस तर तिथे जीव लागणार नाही.


पवनीकर
शनिवार, रात्री ८:३०

आमच्या गावाचं, पवनीचं, नाव कोणीच घेत नाही म्हणून घेतो. नागपूरहून उमरेड-भिवापूर मार्गे या. पवनी म्हणजे एका अंगाला वैनगंगा आणि बाकी बाजूंनी मातीचा जुना तट. वेशीतून आत शिरलं की गाव. बालसमुद्र नावाचा तलाव आहे आणि त्याच्याजवळ जगन्नाथ टेकडी. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि पुरातत्त्व खात्याने तिथे उत्खनन केलं, तेव्हा दोन हजार वर्षांहून जुना स्तूप निघाला. आम्ही लहानपणी ज्या टेकडीवर बोरं वेचायचो तिच्या पोटात स्तूप होता! माझ्या आजोबांना मरेपर्यंत त्याचं नवल होतं.

नदीवर वैजेश्वराचा घाट आहे, तिथे पण अस्थी विसर्जन होतं. म्हणून तुमचं सगळं मला लगेच समजलं. आमच्याकडे पोरं त्याच घाटावर पोहायला शिकतात आणि म्हाताऱ्यांना तिथेच पोचवतात. दोन्ही एकाच पाण्यात. महालातले भाऊ, तुमचं म्हणणं खोटं नाही, व्हिडिओवाल्यांना अक्कल पाहिजेच. पण पाण्याकडे माणसं यायची थांबली की मग घाट पडतो. आमच्याकडे असे पडलेले घाट मी पाहिलेत. एक दगड निघाला की वर्षाभरात दहा निघतात, कारण बघायला कोणी नसतं.


कामठीरोड
शनिवार, रात्री ९:१०

पवनीकर भाऊ, एखाद्या रविवारी येतोच. कऱ्हांडल्याला वाघ बघायला तीनदा त्याच रस्त्याने गेलो, पण गावात शिरलो नाही कधी.


टेकडीचा_दगड
रविवार, सकाळी ६:५०

घाट पडण्याबद्दल पवनीकरांशी पूर्ण सहमत. अंबाळ्याच्या काठची बरीचशी देवळं भोसलेकालीन धाटणीची आहेत. वरच्या मंदिरांचा जीर्णोद्धार आणि गडाची डागडुजी पहिल्या रघुजींच्या काळात झाली, त्यानंतर खाली काठावरही बांधकामं होत गेली. ज्यांच्यामागे दिवाबत्ती करणारं माणूस राहिलं ती देवळं ठीक आहेत, बाकीच्यांच्या शिखरात मुळं शिरलीत. त्या म्हातारीसारखी झाडणारी माणसं हाच खरा आधार. मी जातो तेव्हा मीही एक पोतं घेऊन जातो आणि एका घाटावरचं प्लास्टिक उचलतो. एकट्याने एक घाट तासाभरात होतो.

रेशीमबागवाली ताई, पुन्हा गेलात की केवल नरसिंहाच्या मंडपात थोडं थांबा. बाहेरच्या उन्हातून आत गेल्यावर काही दिसत नाही. चार-पाच मिनिटांनी डोळे सरावले की आधी गुडघा दिसतो, मग चक्र, मग चेहरा.


महालातला
रविवार, रात्री १०:२५

दोन दिवस विचार करत होतो. रेशीमबागवाली ताई, तुमचं ते जीपमधलं वाचून मला माझी बहीण आठवली. वडिलांच्या वेळी ती गाडीतच बसून होती. पंचेचाळीस वर्षांची बाई. कोणी तिला मनाई केली नव्हती, पण या म्हणूनही कोणी म्हटलं नाही. मीही नाही. आज तिला फोन करून विचारलं, यायचं का एकदा अंबाळ्याला, आपण दोघंच. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, येते.

तुम्ही बसलात तो घाट कुठला, पाळीवरून गेलं की कोणत्या हाताला? आणि ऑटोवाला परत जायला तिथे मिळतो का?


रेशीमबागवाली
सोमवार, सकाळी ६:१०

दादा, पाळीवरून सरळ चालत राहा. कार्याचे घाट मागे टाकून पार टोकाला जा, जिथे छोट्या देवळाचा ओटा पाण्यापर्यंत उतरलाय. तो ओटा झाडलेला असेल, त्यावरून ओळखाल. परतीचा ऑटो तिथे मिळेलच असं नाही, येतानाच्या ऑटोवाल्याचा नंबर घेऊन ठेवा आणि त्यालाच बोलवा. बहिणीचे पाय ठीक असतील तरच पायऱ्या चढा, नाहीतर खालीच बसा.

मी पुढच्या गुरुवारी आईला घेऊन जातेय. तिला ७५ पूर्ण झालीत, म्हणजे एसटीचं तिकीट लागत नाही. तिची पण सासूच होती ती. रात्री विचारलं, अंबाळ्याला येतेस का, तर म्हणाली, "कोण गेलं?" मी म्हटलं कोणी नाही. मग उठली आणि त्या वेळची साडी कुठे ठेवलीय ते शोधायला लागली.